कुलूपराव आणि कोंडलेली बाई

चष्मेवाला कुलूपरावांना किती ओळखत होता, असं कुणी विचारलं तर त्याला मान खाली घालावी लागेल. दोघांची दुकानं एकमेकांना चिकटून होती. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कानस चालू झाली की इकडे काउंटरवरच्या काचा किणकिणायच्या. वर्षानुवर्षं सकाळी शटर वर करताना दोघं एकमेकांना ‘काय, बरं ना?’ म्हणाले आणि संध्याकाळी शटर खाली ओढताना ‘चला’ म्हणाले. एवढाच संसार. कुलूपरावांचं लग्न झालं होतं की नाही, मुलंबाळं होती की नाही, सुटीच्या दिवशी ते कुठे जायचे, हे चष्मेवाल्याला कधी विचारवलं नाही. तो लाजाळू माणूस. लोकांच्या डोळ्यांत रोज बघायचा, पण तेही यंत्रातून.

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर नुसती एक मोठी चावी रंगवलेली होती. बोलणं इतकं कमी, की कुणा गिऱ्हाइकाने एकदा ‘यांच्या तोंडालाच कुलूप आहे’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. त्यांना ते आवडत असावं. निदान ते कधी नाही म्हणाले नाहीत, पण ते न बोलण्यामुळेही असेल. तेव्हा इथे जे आहे ते थोडं पाहिलेलं, थोडं ऐकलेलं आणि बरंचसं भिंतीपलीकडून आलेलं आहे.

दुकानांच्या वर राहत्या घरांचे मजले होते आणि त्या इमारतीत एक पद्धत पडून गेली होती. प्रत्येक घराची एक जादा चावी कुलूपरावांकडे असायची. दार ओढलं गेलं, चावी आत राहिली, म्हातारी एकटी आणि आतून उघडेना, असं काहीही झालं की लोक खाली धावायचे. दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक काळी फळी होती, फळीवर खिळे, खिळ्यांवर चाव्या. कुठल्याच चावीवर नाव नाही, घराचा नंबर नाही. फक्त रंगीत दोरा आणि दोऱ्याला गाठी. कुठल्या रंगाचं आणि किती गाठींचं कोणतं घर, हे कुलूपरावांच्या डोक्यात. उद्या चोर फळीच उचलून घेऊन गेला तरी त्याला दार सापडू नये, अशी त्यांची योजना. लोक कौतुक करायचे. ‘आमच्या लॉकरपेक्षा कुलूपरावांची फळी बरी,’ असं तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच म्हणायच्या, आणि त्या बँकेत नोकरीला होत्या. घरी त्या आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, दोघीच. त्यांची चावी हिरव्या दोऱ्याची होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे कुलूपरावांनी मोठ्या पडद्याचा मोबाईल घेतला आणि चष्मेवाल्याच्या कानांना एक नवं काम लागलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पलीकडची कानस थांबायची आणि भिंतीतून टिंग टिंग असा आवाज यायचा. मधूनच एक बाई बोलायची. शब्द कळायचे नाहीत, पण सूर कळायचा, आणि तो सूर काही बातम्या देणाऱ्या बाईचा नव्हता. चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. एकदा तो सुटे पैसे मागायच्या निमित्ताने पलीकडे डोकावला, तर कुलूपरावांनी मोबाईल झटकन पालथा घातला. पालथा घातलेला मोबाईल म्हणजे झाकलेली मूठ. चष्मेवाला सुटे पैसे न घेताच परत आला आणि तो आता सुटे पैसे मागायलाही जाईनासा झाला.

मग ती दुपार आली.

बँकेतल्या बाईंचं कुलूप अडकलं. त्यांची चावी फिरेना, फळीवरची हिरव्या दोऱ्याचीही फिरेना. कुलूपराव हत्यारांची पिशवी घेऊन वर गेले. जिन्यातला दिवा गेलेला, म्हणून त्यांनी मोबाईलची बत्ती लावली आणि तो बाईंच्या मुलीच्या हातात दिला. मुलगी उजेड धरून उभी, आई मागे, आणि कुलूपराव दारापुढे गुडघे टेकून भोकात वाकडी तार घालून चाचपडतायत. सगळं शांत. तार कुठे अडते ते कानाने ऐकायचं असतं, त्यामुळे मायलेकीही श्वास रोखून होत्या. एवढ्यात मोबाईल बोलू लागला. बाईचा आवाज, लाडिक, ओला:

“लवकर करा ना. मी आत एकटीच आहे.”

मुलीने पडदा आपल्याकडे वळवला. एक तरुण बाई, केस ओले, अंगाभोवती पुरेल न पुरेल एवढा टॉवेल, एका खोलीत कोंडलेली आणि खोलीत पाणी चढत चाललेलं. मुलगी फस्सकन हसली. तिच्या वयाच्या मुलांनी असल्या जाहिराती ढिगाने पाहिलेल्या. पण आईने मोबाईल तिच्या हातातून ओढून घेतला, बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. मुलगी म्हणाली, ती नुसती जाहिरात आहे, कुठल्याशा खेळाची. आई म्हणाली, मग ती यांच्याच मोबाईलवर का येते?

कुलूपरावांनी तेवढ्यात दार उघडलं होतं. ते उभे राहिले, गुडघे झटकले आणि काही न बोलता पिशवी भरायला लागले. आता, निर्दोष माणूस अशा वेळी काही तरी बोलतो, हातवारे करतो, शपथा घेतो, असं जगाला वाटतं. कुलूपराव आयुष्यभर बोलले नव्हते, त्या दिवशी तरी कुठून बोलणार? बाईंनी मोबाईल परत दिला तो दोन बोटांनी धरून, आणि दुसरा हात पसरला.

“फळीवरचीही द्या आमची.”

त्यांनी हिरवा दोरा सोडवला आणि चावी दिली.

जिन्यातून गोष्ट खाली उतरते तशी ती फुगत जाते. तिसऱ्या मजल्यावर ती जाहिरात होती. दुसऱ्यावर येईपर्यंत व्हिडिओ झाला. पहिल्यावर, त्यांनी मुद्दाम मुलीच्या हातात दिला, असं झालं. तळाशी दुकानांत आली तेव्हा चष्मेवाल्याला एका फ्रेम दुरुस्तीच्या गिऱ्हाइकाने खाजगीत सांगितलं की तो माणूस घराघरांतल्या बायकांना तसलं काहीतरी दाखवत फिरतो म्हणे. चष्मेवाला चष्म्याची दांडी पिळत राहिला. ‘नाही हो’ असं तोंडावर आलं होतं, पण त्याला ती भिंतीतली बाई आठवली आणि ‘नाही हो’ घशातच राहिलं.

त्यानंतर लोक चाव्या न्यायला यायला लागले. खरं कारण एकही सांगेना. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाची घरातली चावी हरवली होती, कुणाच्या सासूबाईंना हवी होती. कुलूपराव गाठ सोडवायचे, चावी द्यायचे आणि दोरा गुंडाळून एका डब्यात टाकायचे. फळीवर खिळे दिसू लागले. आणि जी गोष्ट आजवर कौतुकाची होती तीच आता बोचायला लागली. नावं का लिहीत नाही हा माणूस? कुणाची कुठली चावी ते त्याच्याशिवाय कुणाला कळू नये म्हणूनच ना? दोऱ्याच्या गाठींत पूर्वी लोकांना हुशारी दिसायची, आता त्याच गाठींत कारस्थान दिसायला लागलं.

चष्मेवाल्याचं घरही त्याच इमारतीत होतं, आणि त्याची बायको त्याला रोज जेवताना आठवण करायची, की आपलीही आणा. तो रोज ‘विसरलो’ म्हणायचा.

“अहो, भिंतीला भिंत लावून बसता, विसरता कसे? लोकांना चष्मे देता आणि स्वतःला समोरचं दिसत नाही.”

“दिसतं गं.”

“काय दिसतं?”

काय दिसतं ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. चावी मागायची म्हणजे ‘तुमच्यावर माझाही विश्वास नाही’ असं त्यांच्या तोंडावर सांगायचं. न मागायची तर घरात बायको दिवसभर एकटी. आणि समजा लोक म्हणतात ते खरं असलं तर? कुलूपरावांचं सगळं पोट त्या एका गोष्टीवर होतं: लोक त्यांना आपल्या बंद दारापाशी येऊ देतात. ते थांबलं की कानस आणि शिकंजा विकायलाच काढायचा. आपण एक चावी मागितली तर काय होणार, असं स्वतःला सांगता येत होतं. पण इमारतीत प्रत्येकाने एकेकच चावी मागितली होती.

शेवटी एका दुपारी त्याने सगळं बळ एकवटलं, पलीकडे गेला आणि चावी न मागता भलतंच विचारून बसला. ती बाई कोण, असं.

कुलूपरावांनी त्याच्याकडे बघितलं. स्टूल पुढे सरकवलं. मग ते बोलले, आणि जेवढं बोलले तेवढं चष्मेवाल्याने त्यांना सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“कुलूप बघायला घेतला तो खेळ.”

“कुठलं कुलूप?”

“बाईच्या दाराचं. लिव्हरचं आहे, जुन्या धाटणीचं. भोकाचा आकार दिसतो ना. खाली तीन चाव्या दाखवतात. मधली लागते. आणि ते जाहिरातवाले येडे दर वेळी पहिली लावतात. पाणी चढतं, बाई बुडते. वर विचारतात, तुम्ही वाचवाल का?”

“मग?”

“मग म्हटलं, वाचवू. घेतला खेळ.”

“लागली चावी?”

“कुलूपच नाही त्यात. गाजरं आहेत.”

चष्मेवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण कुलूपराव गंभीर होते. गाजरं आणि वांगी आणि टोमॅटो, ते म्हणाले. तीन सारखी एका ओळीत आणली की ती नाहीशी होतात आणि वरून दुसरी पडतात. एक मिशाळ माळी आहे, तो टाळ्या वाजवतो. बाई नाही, दार नाही, काही नाही. त्यांना वाटलं, कुलूप पुढे येईल. एवढी अवघड गोष्ट पहिल्याच पायरीवर कोण देईल? म्हणून ते खेळत राहिले. बरेच वर गेले. मधेमधे जाहिरात लागते, तेव्हा ती बाई पुन्हा दिसते, ते पुन्हा पहिलीच चावी लावतात. त्या दिवशी वर जाताना खेळ बंद करायचा राहून गेला होता.

“आणि मी आलो तेव्हा मोबाईल पालथा का घातला?”

“गाजरं जुळवत होतो,” कुलूपराव म्हणाले. “या वयात.”

चष्मेवाला आपल्या दुकानात परत आला तो आणखीच बुचकळ्यात पडून. थाप मारायची तर माणूस जरा पटेल अशी मारतो. ओलेत्या बाईला बघून ज्याच्या नजरेत फक्त दाराचं कुलूप भरतं असा पुरुष जगात असतो का? पण कुलूपवाल्याचं काही सांगता येत नाही. चष्मेवाला स्वतः रस्त्याने चालताना लोकांचे चेहरे विसरायचा आणि फ्रेम्स लक्षात ठेवायचा.

म्हणून त्याने खात्री करायचं ठरवलं. डोळे तपासायची जी अंधारी खोली होती तिचं दार लावून त्याने तो खेळ आपल्या मोबाईलवर घेतला. अपराधी माणसासारखा आवाज आधी बंद केला. आणि खरोखरच माळी आला. गाजरं आली. वांगी आली. चष्मेवाला जुळवत गेला, दिवसामागून दिवस, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, आणि कुठेही बाईचा पदर दिसला नाही की दाराचं भोक. मात्र दर थोड्या वेळाने खेळ थांबायचा आणि दुसऱ्याच कुठल्या खेळाची बाई हजर व्हायची. एक राणी होती, तिला राजवाड्यातून हाकललं होतं आणि थंडी वाजत होती. एक परिचारिका होती, तिच्या गणवेशाचं कापड कुणीतरी अर्ध्यातच कापलं होतं. प्रत्येकीला नेमकी या चष्मेवाल्याचीच मदत हवी होती. तपासापुरता म्हणून त्याने राणीचाही खेळ घेतला. आत दगड मोजून भिंत बांधायची होती. राणीचा पत्ता नव्हता. तेव्हा कुठे त्याला हा धंदा उमगला: बाई दाराबाहेर उभी करायची आणि आत गाजरं विकायची.

एक गोष्ट मात्र त्याने मनाशी नोंदली आणि कुणाला सांगितली नाही. जाहिरात बंद करायला पडद्याच्या कोपऱ्यात एक फुली असते, अगदी बारीक. ती त्याला पहिल्याच नजरेत दिसायची. तरी राणीच्या वेळी बोट जरा उशिरा गेलं. आपलंच बोट असं वागलं तर दुसऱ्याच्या डोळ्यांबद्दल आपण काय सांगणार?

घरी भांडं फुटायचं ते फुटलंच. जेवताना मोबाईल चार्जिंगला लावलेला होता, आवाज चुकून चालू राहिला होता, आणि भाजी वाढता वाढता बायकोच्या कानावर आलं, “महाराज, मला थंडी वाजतेय.”

बायकोने पळी तशीच धरून ठेवली.

“कोण महाराज?”

चष्मेवाल्याने आधी राणी सांगितली, मग माळी, मग कुलूप. सगळं उलट्या क्रमाने. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग हात पुसले आणि मोबाईल उचलून ती आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती हातात मोबाईल तसाच.

“आहेत खरी वांगी,” ती म्हणाली. “पण तुम्ही फार हळू जुळवता.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती त्याच्या पुढे गेली होती. चावी आणा, हे तिचं पालुपद त्या दिवसापासून थांबलं. पण ठेवा असंही ती म्हणाली नाही.

मग सेक्रेटरींनी गाड्या लावायच्या जागेत सभा बोलावली. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचा कारभार बघणारे गृहस्थ. पाण्याच्या टाकीपासून पोराटोरांच्या चेंडूपर्यंत सगळ्याचा न्याय तेच करायचे. विषय जादा चाव्यांची व्यवस्था असा होता, पण सगळ्यांच्या नजरा कडेला उभ्या असलेल्या कुलूपरावांवर. खुर्ची असूनही ते बसले नव्हते. सेक्रेटरींनी गोल गोल प्रस्तावना केली, कुणावर आरोप नाही म्हणाले, आणि कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारलं.

चष्मेवाला उठला. कसा उठला ते त्यालाही सांगता येणार नाही. चार माणसांत ‘पाणी द्या’ म्हणतानाही त्याचा घसा कोरडा पडायचा. त्याने सांगितलं की तो खेळ साधा आहे, भाज्यांचा आहे, जाहिरात खोटी आहे, आत बाई वगैरे काही नाही. सेक्रेटरींनी विचारलं की हे त्यांना कसं माहीत.

“मीही खेळतोय,” चष्मेवाला म्हणाला. “म्हणजे, शोधून पाहिली. नाही सापडली.”

हशा पिकला. उंदराला मांजर साक्ष, असं कुणीतरी मागून म्हणालं. एका तरुण जावयाने, काका, सापडली की आम्हालाही कळवा, अशी पुस्ती जोडली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. चष्मेवाला खाली बसणार इतक्यात त्याची बायको जागेवरूनच बोलली. ती म्हणाली, की मीही खेळते, यांच्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे, नुसती वांगी आहेत, ज्याला संशय असेल त्याने माझ्या घरी यावं, मी दाखवते. हशा पुन्हा झाला, पण तो जरा मऊ होता. दोन-तीन बायकांनी माना डोलावल्या. वड्याचं तेल वांग्यावर काढलंत हो, असं सेक्रेटरी म्हणाले, आणि हे प्रकरण आता मिटतंय असं वाटायला लागलं.

बँकेतल्या बाई हसल्या नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

“खेळात काही नसेल. मी मानते. पण खेळ घेतला तो जाहिरात बघूनच ना? जाहिरातीत काय होतं?”

बाईंनी सरळ कुलूपरावांकडे बघितलं.

“माझ्या घरात मी आणि माझी मुलगी. चावी कुणाच्या हातात आहे, एवढंच मला बघायचं असतं. तुम्ही काय बघून घेतला तो खेळ?”

“कुलूप होतं,” कुलूपराव म्हणाले.

मागे कुणीतरी खाकरलं.

“आणि बाई नव्हती?”

‘नव्हती’ म्हणणं सोपं नव्हतं, कारण सगळ्यांनी ती पाहिली होती. ‘दिसली नाही’ म्हणता आलं असतं. चष्मेवाल्याच्या मनात तेच चाललं होतं: म्हणा, दिसली नाही म्हणा, सुटाल.

“होती,” ते म्हणाले.

बाई खाली बसल्या. सेक्रेटरींनी घाईघाईने निकाल दिला, की ज्याला चावी ठेवायची त्याने ठेवावी, ज्याला नको त्याने न्यावी. तसं तर आधीपासूनच चाललं होतं. निकाल म्हणून त्यात काही नव्हतं.

सभा संपल्यावर दोघं आपापल्या शटरपाशी उभे राहिले. मग शटरची कडी लावता लावता कुलूपराव म्हणाले, “आधी बाई दिसली. मग कुलूप दिसलं. कुलूप दिसल्यावर बाई दिसेनाशी झाली.”

डोळे तपासताना माणसाला काचा बदलून दाखवतात, ‘आधीचं स्पष्ट की आत्ताचं?’ असं विचारतात, आणि चांगली शहाणी माणसं अडखळतात. पुन्हा दाखवा म्हणतात. आधी एक सांगतात, मग दुसरं. आपल्याला काय दिसतं हे ज्याचं त्यालाही नक्की सांगता येत नाही, हे चष्मेवाल्याने त्या अंधाऱ्या खोलीत आयुष्यभर पाहिलं होतं. कुलूपराव खरं बोलत असावेत. किंवा तेवढं बोलल्यावर झोप लागते म्हणून बोलले असतील. तो विचारू शकला असता. त्याने ‘चला’ म्हटलं.

सभेनंतर काही चाव्या परत आल्या. लाजत आल्या, मुलांच्या हाती आल्या, ‘हिला म्हटलं उगाच कशाला’ अशा पुरवणीसकट आल्या. कुलूपरावांनी त्या घेतल्या, डब्यातून ज्याचा त्याचा दोरा काढला आणि गाठी मारल्या. तिसऱ्या मजल्यावरची आली नाही. बाईंनी दुसऱ्या कुणाकडून कुलूपच बदलून घेतलं. त्यांचं काही चुकलं असं चष्मेवाल्याला वाटलं नाही, आणि कुलूपरावांनाही वाटलं नसावं. फक्त एक दिसायला लागलं: कुणी बाई गिऱ्हाईक म्हणून दारात उभी राहिली की ते हातातलं काम ठेवून आधी मोबाईल खणात टाकायचे आणि खण लावून घ्यायचे. कुणाच्या घरी बोलावलं तर विचारायचे, घरात पुरुषमाणूस कोण आहे? कुणी नसलं तर म्हणायचे, असेल तेव्हा सांगा. जिथे लोकांचा संशय संपला होता, तिथे आता त्यांनीच तो सांभाळायला घेतला होता. लोकांना हे विचित्र वाटलं. ज्याच्या मनात काही नाही तो इतका जपून का वागेल, अशी कुजबुज पुन्हा जिन्यात सुरू झाली.

आणि एके दिवशी त्यांनी फळी उतरवली.

दुपारी ते चाव्यांचा जुडगा घेऊन जिना चढले. घरोघरी बेल वाजवायची, उंबऱ्यापासून दोन पावलं मागे सरकायचं, दार उघडलं की चावी पुढे करायची. ठेवायचं काम आता बंद केलं, एवढंच म्हणायचे. कुणी आग्रह केला, कुणी केला नाही. ज्यांनी मोठ्या मनाने परत आणून दिल्या होत्या त्यांना जरा अपमानच वाटला. आपण माफ केलं आणि हा माणूस माफी परत करतोय, असं एकीने बोलूनही दाखवलं.

सगळ्यात शेवटी ते चष्मेवाल्याच्या दारी आले. तो घरीच होता, जेवून आडवा झालेला. बायकोने दार उघडलं आणि त्याला हाक मारली. कुलूपराव जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते, हातात एकच चावी उरलेली. दोरा तांबडा होता. इतकी वर्षं आपल्या घराचा रंग तांबडा होता, हे चष्मेवाल्याला त्या दिवशी कळलं.

त्याने चावी घेतली नाही. राहू द्या ना, आमची एक राहू द्या, असं तो म्हणाला. बायकोही मागून म्हणाली, की आम्हाला कुणाचा काही संशय नाही. कुलूपरावांनी मान हलवली. तुम्हाला नसेल, ते म्हणाले, पण रोज फळीकडे बघितलं की मलाच येतो. मग त्यांनी चावी चष्मेवाल्याच्या तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली. त्यांचा हात खरबरीत होता. त्याआधी त्या दोघांनी कधी हातात हात घेतला नव्हता.

आत या, पाणी तरी घ्या, असं बायको म्हणत होती. ते आले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांचं शटर उघडायचं थांबलं. कुणी म्हणालं पळाला, कुणी म्हणालं बहिणीकडे गेला. त्यांना बहीण होती, हेही चष्मेवाल्याला तेव्हाच समजलं. दुकान नंतर एका झेरॉक्सवाल्याने घेतलं. त्या शेवटच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोघं एकमेकांना दिसले असतील, पण बोलणं असं जे झालं ते जिन्यातलंच.

चावी परत दिली त्या दुपारी चष्मेवाला दार लावायला लागला तेव्हा कुलूपराव दोन पायऱ्या उतरले होते. ते थांबले, आवाजाकडे कान लावला.

“बिजागर करकरतंय तुमचं.”

“हो, कधीपासून.”

“तेल घाला.”

“कुठलं घालू? खायचं चालेल?”

“ते नको. धूळ धरतं. शिलाई मशीनचं असेल तर बघा.”

“बघतो,” चष्मेवाला म्हणाला.